दुसरी प्रत खरोखर दुसरी आहे का?

संगणकातील फायलींचा बॅकअप आणि त्यांची दीर्घकाळ साठवण या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातली अडचण अनेकांची आहे, म्हणून तिथे सविस्तर लिहिले आहे आणि पुढची उत्तरे त्याला जोडून वाचावीत.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर गेल्या सोळा वर्षांतली छायाचित्रे, मुलांच्या लहानपणीचे व्हिडिओ, संशोधनाची टिपणे आणि स्कॅन केलेली कागदपत्रे मिळून साधारण ६०० जीबी फायली होत्या. जागा संपत आल्यामुळे मी छायाचित्रे आणि व्हिडिओ एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हलवून लॅपटॉपवरून काढून टाकले. डिस्क कपाटात नीट ठेवलेली असते आणि आपला बॅकअप झालेला आहे असे मी समजत होतो. परवा ती जोडली तेव्हा आतून टकटक आवाज आला आणि ती दिसायला दोन मिनिटे लागली. आता सर्वांत भरवशाची डिस्क कोणती घ्यावी?

उत्तर : आधी तातडीचे सांगतो. डिस्कमधून टकटक आवाज येतो तेव्हा बहुधा चकतीवरचे लेखन वाचणारे डोके आपली जागा न सापडल्यामुळे पुन्हा पुन्हा मागे फिरत असते, आणि अशी डिस्क आणखी किती चालेल हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तिच्यावरची छायाचित्रे चाळत बसू नका आणि दुरुस्तीचा कोणताही प्रोग्राम तिच्यावर चालवू नका. दुसरे रिकामे साधन जोडून, ज्या फोल्डरांवाचून आपले अजिबात चालणार नाही त्यांच्या प्रती आधी काढा. एखाद्या फायलीपाशी काम अडले तर ती सोडून पुढे जा; खराब झालेला भाग वारंवार वाचायला लावणे डिस्कच्या जिवावर बेतू शकते. डिस्क दिसेनाशीच झाली, तर ती लगेच बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकार प्रयोगशाळेकडे सोपवा. घरी ती उघडू नये, कारण आतले डोके चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून फिरत असते आणि धुळीचा साधा कणही त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

आता मूळ मुद्दा. आपण फायली हलवल्या आणि मूळ जागेवरून काढल्या, तेव्हा प्रतींची संख्या वाढली नाही, फक्त पत्ता बदलला. एकच प्रत आधी लॅपटॉपवर होती आणि नंतर कपाटात गेली. बॅकअप हा शब्द आपल्याकडे ‘डिस्कवर टाकून ठेवले’ या अर्थाने इतका रुळला आहे की पुष्कळ जाणती माणसेही याच जागी फसतात, म्हणून हे थोडे स्पष्टपणे लिहितो आहे.

सर्वांत भरवशाची डिस्क शोधण्यात वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. बॅकब्लेझ ही क्लाउड साठवणुकीची, म्हणजे लोकांच्या फायली इंटरनेटवरून आपल्या संगणकांवर ठेवून घेणारी, कंपनी आपल्याकडच्या हार्ड डिस्क किती बिघडतात याच्या २०१३ पासूनच्या नोंदी प्रसिद्ध करते. त्यांच्या अलीकडच्या आकड्यांनुसार वर्षभरात बिघडणाऱ्या डिस्कचे प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या आसपास आहे. मॉडेलनुसार ते कमीजास्त होते, आणि घरची डिस्क हातातून पडते, प्रवास करते, त्यामुळे तिला हे प्रमाण जसेच्या तसे लागू होत नाही. तरीही एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. दोन डिस्कवर एकाच फायलींच्या प्रती असतील, तर त्या दोन्ही एकाच वर्षी जाण्याची शक्यता दीड टक्क्याच्या दीड टक्का, म्हणजे दहा हजारांत सुमारे दोन इतकी होते. कितीही उत्तम डिस्क घेतली, तरी एकटी डिस्क या आकड्याच्या जवळपास पोहोचत नाही.

मात्र या हिशेबाला एक अट आहे, आणि या अंकातल्या सगळ्या उत्तरांचा पाया तीच आहे: दोन्ही प्रती एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. ज्या घटनेने पहिली प्रत जाईल, तिच घटना दुसरीपर्यंत पोहोचता कामा नये. दोन्ही डिस्क एकाच पिशवीत असतील तर चोर दोन्ही नेतो, आणि एकाच खोलीत असतील तर आग किंवा पाणी दोन्हींना गाठते. दोन्ही सतत संगणकाला जोडलेल्या असतील, तर विजेचा एक झटका किंवा एक रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी खंडणी मागणारा प्रोग्राम, दोन्हींचा निकाल लावते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने संगणकातल्या फायलींबरोबरच त्या वेळी जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या होत्या. छायाचित्रकारांमध्ये पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम, म्हणजे एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या जागी, याच स्वातंत्र्याचा सोपा हिशेब आहे. आकडे विसरले तरी चालतील, पण त्यामागचे कारण लक्षात ठेवावे.

आपल्यासाठी मी असे सुचवेन. प्रथम ६०० जीबींमधून पुन्हा कधीच न मिळणाऱ्या फायली वेगळ्या काढा. मुलांचे व्हिडिओ, छायाचित्रे, टिपणे आणि स्कॅन एका बाजूला ठेवा. पुन्हा उतरवून घेता येणारे प्रोग्राम, चित्रपट आणि सेटअपच्या फायली दुसऱ्या बाजूला. ही निवड कंटाळवाणी असली तरी तिने पुढचे सगळे हलके होते. त्यानंतर दोन हार्ड डिस्क घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या, कारण एकाच खेपेत तयार झालेल्या डिस्कमध्ये एकच दोष असू शकतो. एक घरी ठेवून दर आठवड्याला तिच्यावर बॅकअप घ्या आणि काम झाल्यावर ती काढून ठेवा. दुसरी एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे किंवा कार्यालयातल्या कुलपाच्या कप्प्यात ठेवा आणि महिन्याकाठी दोघींची अदलाबदल करा. शिवाय न मिळणाऱ्या फायलींची एक प्रत क्लाउडवर ठेवा. पहिल्या वेळी धीर धरावा लागेल. अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर ६०० जीबी वर जायला साडेपाच दिवस अखंड लागतात. पुढे फक्त नव्या आणि बदललेल्या फायली जातात.

प्रती हाताने ओढून टाकत बसू नये, कारण तसे केल्याने महिन्याभरात नेमके काय राहिले ते कळेनासे होते. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी ही सोय आहे. मॅकवरचे टाइम मशीन गेल्या २४ तासांतल्या तासातासाच्या, गेल्या महिन्यातल्या रोजच्या आणि त्यामागच्या दर आठवड्याच्या प्रती डिस्क भरेपर्यंत जपते. लिनक्सवर आरसिंक या प्रती काढणाऱ्या प्रोग्रामचा आधार असलेली अनेक साधने मिळतात. यांतले कोणतेही चालेल. फक्त ते जुन्या आवृत्त्या ठेवते की नाही एवढे पाहा, कारण आज बिघडलेली फाइल उद्या चांगल्या प्रतीवर जाऊन बसली, तर त्या बॅकअपचा काही उपयोग उरत नाही.

आणि बॅकअपमधून फायली परत काढून पाहा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या आणि दुसऱ्या प्रतीच्या मिळून पाच व्यवस्था होत्या, पण त्यांतली एकही भरवशाने चालत नव्हती, हे त्यांनी स्वतः जाहीर केले. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत योगायोगाने शिल्लक होती, तिच्यावर निभावले. जिथे हेच काम करणारी तज्ज्ञ माणसे आहेत तिथे असे घडू शकते, तर आपण दर तीन महिन्यांनी पाच-दहा फायली बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरात काढून उघडून पाहायलाच हव्यात. त्यात एखादा लांब व्हिडिओ असू द्या आणि तो शेवटपर्यंत चालवा. नुसते फायलींचे नाव दिसले म्हणजे आतला मजकूर शाबूत आहे असे होत नाही.

प्रश्न : माझे सगळे फोल्डर क्लाउडशी सिंक होतात आणि फोन, लॅपटॉप, टॅब या तिन्हींवर तेच दिसतात. म्हणजे माझ्याकडे चार प्रती आहेत. मग वेगळ्या डिस्कचा खटाटोप कशासाठी करायचा?

उत्तर : त्या चार प्रती नाहीत, एकच प्रत चार पडद्यांवर दिसते आहे. सिंकचे कामच असे आहे की एका जागी झालेला बदल तत्परतेने सगळीकडे पोहोचवायचा, आणि फाइल पुसणे हाही तिच्या दृष्टीने एक बदलच असतो.

हे मी स्वतःच्या अनुभवाने शिकलो. आजोबांची जवळजवळ दोनशे पत्रे मी स्कॅन करून एका सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवली होती. मूळ कागद ओलीने विरत चालले होते आणि पुढे ते टिकलेही नाहीत. एक जुना लॅपटॉप दुसऱ्याला देण्यापूर्वी मी त्यावरचे फोल्डर पुसले आणि खाते काढायचे मात्र विसरलो. पुसल्याची आज्ञा निमूटपणे सगळीकडे गेली. पाच महिन्यांनी पत्रे हवी झाली तेव्हा क्लाउडच्या कचरापेटीची मुदत कधीच उलटून गेली होती. बहिणीला कधीतरी ईमेलने पाठवलेली अकरा पत्रे तेवढी उरली. यात त्या सेवेचा काही दोष नव्हता. तिने सांगितल्याबरहुकूम केले. सिंकला बॅकअप समजण्याची चूक माझी होती, आणि ती आठवली की अजून वाईट वाटते.

म्हणून मुदती माहीत असू द्या. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, आणि वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही साधारण तेवढीच. दोन वर्षे अजिबात न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते, आणि या धोरणाची अंमलबजावणी डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आहे. फोनवर जागा वाचवण्याची सोय चालू असेल, तर फोनमध्ये छायाचित्राची फक्त लहान प्रतिमा असते आणि मूळ फाइल केवळ क्लाउडवर असते. अशा वेळी फोनवरून प्रती काढल्या असे वाटले, तरी हाती लहान प्रतिमाच आलेल्या असू शकतात.

क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्यातरी इमारतीतले संगणकच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि ज्या ग्राहकांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. क्लाउड टाळा असे मी म्हणत नाही. दुसऱ्या जागी ठेवायच्या प्रतीसाठी ते उत्तम आहे. पण एक प्रत अशी असू द्या की जिच्यापर्यंत आपल्या खात्यावरून दिलेली कोणतीही आज्ञा पोहोचू शकत नाही, आणि खणात काढून ठेवलेली डिस्क नेमकी तशी असते.

प्रश्न : मुलांची छायाचित्रे पंचवीस-तीस वर्षे टिकावीत म्हणून ती एसएसडीवर घालून लॉकरमध्ये ठेवण्याचा विचार आहे. एसएसडीत फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती हार्ड डिस्कपेक्षा जास्त टिकेल ना?

उत्तर : वापरात असताना धक्के सोसण्याच्या बाबतीत आपले म्हणणे बरोबर आहे. वीज न देता वर्षानुवर्षे ठेवण्याच्या बाबतीत मात्र चित्र उलटे आहे. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह यांत माहिती सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते, आणि तो भार हळूहळू झिरपतो. उष्णता वाढली की अधिक वेगाने. मेमरी चिपची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात घरगुती वापराच्या एसएसडीकडून एवढीच अपेक्षा आहे की लेखनाची ठरलेली पूर्ण क्षमता वापरून झाल्यावर तिने ३० अंश सेल्सिअसला विजेशिवाय एक वर्ष माहिती धरून ठेवावी. नवी, कमी वापरलेली एसएसडी यापेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकते, पण पंचवीस वर्षांचा भरवसा तिच्यावर ठेवू नये. पेन ड्राइव्हवर तर अजिबात नको. तो फायली इकडून तिकडे नेण्यापुरताच वापरावा.

साधी सीडी-आर सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लिहिली जाते, आणि उजेड व दमटपणा यांनी तो थर फिकट होतो. एम-डिस्कसारख्या तबकड्यांत असेंद्रिय थर असल्यामुळे त्या बऱ्याच अधिक टिकाऊ मानल्या जातात, आणि हजार वर्षांचा दावा बाजूला ठेवला तरी तबकडी म्हणून त्या चांगल्या आहेत. माझी शंका वेगळी आहे. तबकडी टिकेल, पण ती वाचणारा ड्राइव्ह तेव्हा मिळेल का? नव्या लॅपटॉपमधून ड्राइव्ह गेले आहेत आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. संस्था चुंबकीय फीत वापरतात. एलटीओ-९ या प्रकाराच्या एका फितीवर १८ टीबी मावतात आणि फितीचे आयुष्य ३० वर्षांपर्यंत सांगितले जाते, पण तिचा ड्राइव्ह घरगुती वापराला परवडण्याजोगा नसतो.

तेव्हा तीस वर्षे टिकणारी वस्तू शोधण्यापेक्षा दर पाच वर्षांनी फायली नव्या साधनावर नेण्याचे ठरवा. कोणत्याही सामान्य हार्ड डिस्कने पाच वर्षे काढावीत, ही अपेक्षा वाजवी आहे. प्रत्येक स्थलांतराच्या वेळी नव्या डिस्कची क्षमता वाढलेली असते आणि जुना साठा तिच्या एका कोपऱ्यात मावतो. आधीची डिस्क लगेच पुसू नका; ती जादा प्रत म्हणून राहू द्या. फायली नेताना त्यांचे चेकसमही जुळवून पाहा. चेकसम म्हणजे फायलीच्या आशयावरून गणिताने काढलेली आकडे-अक्षरांची एक खूण. आत एक बिट जरी बदलला, तरी ती पूर्ण वेगळी येते. एसएचए-२५६ पद्धतीने अशा खुणांची यादी एकदा तयार करून छायाचित्रांसोबत ठेवली, तर दहा वर्षांनीही एकेक चित्र न उघडता कोणते बिघडले ते कळते.

प्रश्न : मी दोन डिस्कचे नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून ठेवायचे साठवणुकीचे यंत्र, घेतले आहे. एकावर लिहिलेले आपोआप दुसरीवरही उमटते. हा बॅकअप मानावा का?

उत्तर : मानू नये. ही रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या, पद्धतीची आरसा-रचना एक डिस्क बंद पडली तरी काम न थांबण्यासाठी आहे, आणि तेवढे ती चोख करते. चुकून पुसलेली फाइल मात्र त्याच क्षणी दोन्हींवरून जाते, आणि एका पेटीतल्या दोन डिस्क एकाच आगीत जळतात. नॅसला एक एक्स्टर्नल डिस्क जोडून तिच्यावर ठरावीक दिवशी बॅकअप घ्या आणि ती काढून दुसरीकडे ठेवा.

प्रश्न : डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवायची तर ती पासवर्डने बंद केलेली बरी, असे वाटते. पण उद्या माझे काही बरेवाईट झाले, तर घरच्यांना काहीच उघडता येणार नाही, याचीही भीती वाटते.

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बाहेर ठेवायची डिस्क कूटबद्धच, म्हणजे चावीवाचून आतले काही वाचता येणार नाही अशी, असावी. विंडोजच्या काही आवृत्त्यांत बिटलॉकर, मॅकवर त्याची स्वतःची कूटबद्ध डिस्कची सोय, आणि दोन्हींवर चालणारे व्हेराक्रिप्ट यांपैकी कोणतेही वापरा. पण चावी हरवली की डेटा गेलाच, आणि कोणताही तंत्रज्ञ तो परत मिळवून देऊ शकत नाही. बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपची आतली डिस्क मालकाने काही न करताच कूटबद्ध झालेली असते. तिची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, हे लॅपटॉप बंद पडेपर्यंत अनेकांना माहीतही नसते. आजच ती शोधून लिहून घ्या.

लिहून घ्या म्हणजे कागदावर. चाव्यांची एकमेव नोंद त्याच बंद डिस्कवर ठेवलेली मी पाहिली आहे. एक कागद घरातल्या महत्त्वाच्या दस्तऐवजांत ठेवा आणि दुसरा ज्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे त्या व्यक्तीकडे द्या. त्यावर पासवर्डखेरीज साध्या भाषेत दोन-चार ओळी असाव्यात, की डिस्क कुठे आहे, ती कशी जोडायची आणि कोणत्या फोल्डरात काय आहे. क्लाउड खात्यांसाठी गूगलने २०१३ पासून निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थेची सोय दिली आहे आणि ॲपलने २०२१ मध्ये वारस म्हणून संपर्क नेमण्याची. दोन्ही भरायला दहा मिनिटे पुरतात. न मिळणाऱ्या कौटुंबिक छायाचित्रांची घरातली एक प्रत मात्र मी मुद्दाम कुलूप न लावता ठेवतो. त्यांत गुप्त असे काही नाही, आणि ती घरच्यांना सहज सापडावीत असे मला वाटते.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी टाइप केलेले माझे लेख सीडीवरून व्यवस्थित उतरले, पण उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. फायली बिघडल्या आहेत का?

उत्तर : बहुधा नाहीत. आपले लेख युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणारे युनिकोड हे मानक रुळण्याआधीच्या, फाँटमध्ये टाइप केलेले असावेत. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे मराठी टायपिंग श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांमधल्या फाँटवर चालले. त्या फायलींत खरोखर रोमन अक्षरांचे संकेतांकच साठवलेले असतात आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. फाँट नसला की मूळचे संकेतांक उघडे पडतात. साठवणुकीने आपले काम केले. फायलीचा प्रकार मात्र काळाच्या मागे पडला. टिकवण्याच्या विचारात ही बाजू हमखास सुटते.

फाँटचे नेमके नाव शोधा. वर्डच्या फायलीत ते बहुतेक वेळा नोंदलेले असते. फाँट मिळाल्यास तो संगणकावर बसवून आधी प्रत्येक लेखाची पीडीएफ काढा, म्हणजे मूळ दिसणे जसेच्या तसे हाती राहील. २००५ मध्ये मानक म्हणून मान्य झालेला पीडीएफ/ए हा प्रकार निवडावा, कारण त्यात फाँट फायलीच्या आतच ठेवणे बंधनकारक आहे. त्यानंतर त्या फाँटसाठी असलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न ओळ तपासा. पहिल्या वेलांटीकडे आणि रफाराकडे विशेष लक्ष द्या. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप केलेला असे. युनिकोडमध्ये हा क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे नेमका उलटा असतो, आणि परिवर्तक जोडाक्षरापाशी आला की तिथेच चुकतो. मूळ फाइल, पीडीएफ आणि युनिकोड मजकूर, तिन्ही एकाच फोल्डरात ठेवा आणि सोबत फाँटचे नाव लिहिलेली एक साधी मजकूर फाइलही ठेवा.